चार फूट रुंद, पंधरा फूट लांब: अरुंद बाल्कनी लावायची कशी?

पुण्या-मुंबईकडच्या सोसायट्यांमध्ये हॉलला लागून जी बाल्कनी मिळते, ती बहुतेक वेळा साडेतीन ते चार फूट रुंद आणि बारा ते सोळा फूट लांब असते. ताबा मिळतो तेव्हा रिकामी असल्यामुळे ती ऐसपैस वाटते. मग एका टोकाला टीव्हीचं खोकं येऊन बसतं, दुसऱ्या टोकाला सायकल. मधे कपड्यांचा स्टँड कायमचा उघडा राहतो, आणि चहाचा कप घेऊन बाहेर उभं राहायचं म्हटलं तर ओल्या चादरीखालून वाकून जावं लागतं. घरातली सगळ्यात चांगली हवा आणि उजेड जिथे आहे, तीच जागा अडगळीची होते. याचं मला फार वाईट वाटतं, कारण थोडा विचार आणि बेताचा खर्च केला तर हीच जागा घरातल्या प्रत्येकाची लाडकी होऊ शकते.

लांबट बाल्कनीचं सगळं गणित एका नियमावर चालतं: रुंदी वाचवायची आणि लांबीचे भाग पाडायचे. पुढचं सगळं त्यातूनच निघतं. समजायला सोपं जावं म्हणून मी सगळीकडे ४ बाय १५ फुटांची, पश्चिमेकडे तोंड असलेली बाल्कनी गृहीत धरली आहे. तुमची थोडी वेगळी असेल, पण रीत तीच.

१. आधी नुसतं बघा

खरेदीची घाई करू नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला फरशीवर जिथपर्यंत ऊन येतं तिथे खडूने रेघ मारा. कुठे बसायचं, कुठे कपडे वाळवायचे आणि कुठे कुंड्या ठेवायच्या, याचं निम्मं उत्तर या तीन रेघांत मिळतं.

उन्हाबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. दक्षिणेची बाल्कनी उन्हाळ्यात भाजून काढेल असं लोकांना वाटतं. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्याला सूर्य दुपारी जवळजवळ थेट डोक्यावर असतो, त्यामुळे वरच्या मजल्याचा स्लॅबच दक्षिणेच्या बाल्कनीवर सावली धरतो. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेकडे बराच खाली असतो आणि ऊन थेट आत येतं, म्हणजे हवं तेव्हा ऊन आणि नको तेव्हा सावली. खरा त्रास पश्चिमेच्या बाल्कनीला. दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन कुठल्याही स्लॅबला जुमानत नाही. पूर्वेची बाल्कनी झाडांना आणि माणसांना दोघांनाही मानवते. उत्तरेला वर्षातले बरेच महिने थेट ऊन नसतं. तिथे मोगऱ्याचा हट्ट धरू नये.

पावसाचंही तसंच. नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतात, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाल्कनीत झड आत येते. तुम्ही हिवाळ्यात राहायला आला असाल तर वरच्या किंवा खालच्या मजल्यावर त्याच बाजूला राहणाऱ्या काकूंना सरळ विचारा, "पावसात पाणी दारापर्यंत येतं का हो?" त्या एका वाक्यात जे सांगतील ते कुठल्याही दुकानदाराला माहीत नसतं.

शेवटी एक बादली पाणी दाराजवळ ओता आणि ते नाहणीपर्यंत, म्हणजे बाल्कनीतलं पाणी जायच्या जाळीपर्यंत, कसं जातं ते पाहा. कुठे साचलं तर तिथे खूण करा. ती जागा लाकडी सामानाची नाही, आणि उतारच उलटा असेल तर फर्निचरच्या आधी गवंड्याला बोलवावं लागेल.

२. मापं आणि रद्दीचे कागद

रुंदी तीन ठिकाणी मोजा: दोन्ही टोकांना आणि मधे. कागदावर चार फूट असलेली बाल्कनी प्लॅस्टर आणि कठडा धरून आतून पावणेचार फूट निघते, आणि दोन इंचांमुळे बाक बसत नाही. मग सरकत्या दाराची उघडी बाजू, उंबऱ्याची उंची, नाहणी, नळ, प्लगची जागा आणि एसीचं बाहेरचं युनिट हे सगळं कागदावर मांडा. कठड्याची उंचीही लिहून ठेवा. ती पुढे लागणार आहे.

आता रद्दीचे कागद घ्या. मनात असलेल्या प्रत्येक वस्तूच्या मापाचा कागद कापून फरशीवर चिकटपट्टीने लावा आणि एक-दोन दिवस तसंच वावरा. बादली घेऊन जा, केर काढा, कपडे वाळत घाला. पाय ज्या कागदावर पुन्हा पुन्हा पडतो ती वस्तू तिथे नको. दुकानात सुंदर दिसणारी वेताची गोल खुर्ची तीन फूट व्यासाची असते, हे फरशीवर कागद पडेपर्यंत लक्षात येत नाही.

साधी आकडेमोड पाहा. नेहमीची खुर्ची बावीस इंच खोल असते. माणूस बसला की गुडघे आणि पाय मिळून आणखी दीड फूट पुढे येतात. म्हणजे भिंतीला पाठ लावून कठड्याकडे तोंड करून बसलात, तर अठ्ठेचाळीसपैकी चाळीस इंच गेले. दुसऱ्याला जायचं तर तुम्हाला उठावं लागणार. यावर उपाय एकच, बसण्याची दिशा बदलायची. तो पुढे येतोच.

३. वाट कठड्याच्या बाजूने

बाल्कनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फुटांची वाट मोकळी ठेवायची, आणि ती कठड्याच्या बाजूने. सामान सगळं भिंतीकडे. बहुतेक घरांत याच्या बरोबर उलट दिसतं: कठड्याला लागून कुंड्यांची रांग आणि भिंतीकडून चालायचं. ते बदला, कारण चार फायदे आहेत. कठड्यापाशी उभं राहून खाली-बाहेर पाहता येतं. झड आली तर आधी वाट भिजते, सामान नाही. लहान मुलांना चढायला कठड्याजवळ काही सापडत नाही. आणि वजन भिंतीकडे राहतं.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो. बऱ्याच बाल्कन्या इमारतीतून पुढे काढलेल्या असतात, खाली खांब नसतो. अशा स्लॅबवर बाहेरच्या टोकाला ठेवलेलं वजन भिंतीजवळच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त ताण देतं. आयएस ८७५ या भारतीय मानकात घराच्या बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो भार धरून आखणी करायला सांगितलं आहे. त्यात माणसं, फर्निचर, कुंड्या सगळं आलं. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट वीस-पंचवीस किलोंची होते, आणि कठड्याच्या कडेने अशा पंधरा कुंड्या मांडणारी घरं मी पाहिली आहेत. इमारत जुनी असेल, स्लॅबच्या खालच्या बाजूला भेगा किंवा गंजाचे डाग दिसत असतील, तर मानकातल्या आकड्यावर विसंबू नका. आधी सोसायटीच्या इंजिनिअरला दाखवा.

पुढे काढलेल्या स्लॅबमधली मुख्य सळई वरच्या बाजूला असते. म्हणून बाल्कनीच्या फरशीत भोकं पाडून काहीही ठोकू नये; सळईलाही धोका आणि वॉटरप्रूफिंगलाही. गळती सुरू झाली की खालच्या मजल्याशी होणारी भांडणं वर्षानुवर्षं संपत नाहीत.

४. लांबीचे तीन भाग

पंधरा फुटांची पट्टी एकसलग लावली की ती रेल्वेच्या डब्यातल्या बोळासारखी दिसते. तिचे भाग पाडा. आपल्या उदाहरणात असे:

- एक टोक, साधारण पाच फूट: बैठक.
- मधला भाग, दारासमोरचा, सहा फूट: मोकळा. भिंतीला फक्त उथळ वस्तू.
- दुसरं टोक, चार फूट: कपडे, बादली, झाडू, एसीचं युनिट.

कुठलं टोक कशाला हे तुमच्या खडूच्या रेघा सांगतील. कपड्यांना ऊन हवं, माणसाला संध्याकाळची सावली. हॉलमधून जे टोक नजरेला पडतं ते बैठकीचं ठेवलं तर उत्तम, म्हणजे घरातून बाहेर पाहताना डोळ्यांना झाडं दिसतात, बादल्या नाहीत.

दारासमोरचा मधला भाग रिकामा ठेवायला फार जणांचा हात धजत नाही. पण तोच भाग वर्षभर सगळ्यात जास्त कामाला येतो. एप्रिल-मेमध्ये कुरडया-पापडांचं वाळवण तिथे पसरतं, दिवाळीत रांगोळी तिथे निघते, पाहुणे आले की दोन घडीच्या खुर्च्या तिथेच उघडतात. भिंतीला बिजागरीने लावलेलं घडीचं टेबल इथे चालेल. मिटल्यावर ते तीन-चार इंचांपेक्षा पुढे येता कामा नये.

५. जाळी, ग्रिल आणि भोकं: सामान येण्याआधी

ड्रिलचं सगळं काम एकाच दिवशी, रिकाम्या बाल्कनीत करून घ्या. कबुतरांची जाळी, कपड्यांच्या दांड्या, पडद्याच्या कड्या, टांगत्या कुंड्यांचे हुक, आकाशकंदिलाचा हुक, सगळं. वजन पेलणारा हुक नेहमी काँक्रीटच्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनरने बसवायचा. पीओपीच्या छतात मुळीच नाही.

कबुतरांची नायलॉनची जाळी लावताना खालचे आणि कोपऱ्यांतले फट नीट बंद होतात ना ते स्वतः तपासा, आणि एसीच्या युनिटमागची जागा जाळीच्या आत आली पाहिजे. कबुतरं घरटं तिथेच करतात. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा: ही जाळी पक्ष्यांना अडवायला असते, मुलांना नाही. घरात लहान मूल असेल तर पक्कं ग्रिल किंवा ताणलेल्या स्टीलच्या तारांचं ग्रिल लावा. बाहेरून दिसणारं काहीही करण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. रंग आणि नमुना एकच ठेवायचा ठराव बऱ्याच ठिकाणी आधीच झालेला असतो.

६. जमीन

हिरवं कृत्रिम गवत घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो. फोटोत छान दिसतं, पण पश्चिमेच्या उन्हात दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. पावसाळ्यात खाली पाणी धरून राहतं आणि वास येतो. केरसुणीने त्यातली माती निघत नाही ते वेगळंच.

त्यापेक्षा एकमेकांत अडकणाऱ्या, एक फूट बाय एक फुटाच्या डेक टाइल्स घ्या. खाली प्लॅस्टिकची जाळी असते, पाणी खालून वाहून जातं. नाहणीवरची टाइल सहज निघेल अशी ठेवा. नमुना निवडताना पट्ट्या आडव्या येतील असं पाहा. लांबीच्या दिशेने जाणाऱ्या रेषा बोळ आणखी लांब दाखवतात, आडव्या रेषा त्याला रुंदी देतात. सगळी जमीन झाकायची गरज नाही. फक्त बैठकीच्या भागात टाइल्स टाकल्या तरी तो भाग आपोआप वेगळा वाटतो. खर्च नको असेल तर तिथे प्लॅस्टिकची विणलेली चटई पुरते. ती धुता येते, झटकता येते, गुंडाळून ठेवता येते.

७. बैठक आडवी

आता मघाची खुर्चीची अडचण. भिंतीला पाठ न लावता टोकाच्या आखूड भिंतीला पाठ लावून बसा. म्हणजे बाक बाल्कनीच्या रुंदीत आडवा येतो, आणि तुमचं तोंड लांबीच्या दिशेने. पाय पसरायला समोर दहा फूट. दोघं जण शेजारी शेजारी आरामात बसतात, कुणाला उठवून जायला लागत नाही, कारण टोकाच्या पुढे कुणाला जायचंच नसतं. आणि समोर आडवी वस्तू आल्यामुळे बोळाचा लांबटपणाही तुटतो. अरुंद बाल्कनीतला हा सगळ्यात मोठा बदल आहे.

बाकाची उंची सोळा ते अठरा इंच, खोली वीस इंच. सुताराकडून करून घेणार असाल तर खाली पेटी करून घ्या. खत, खुरपं, पतंग, जुन्या पणत्या सगळं आत जातं. प्लाय वापरायचा तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय, आणि कापलेल्या कडा रंगाने बंद केलेल्या हव्यात. पाणी कडेतूनच शिरतं. पेटी जमिनीपासून दोन इंच उचललेली हवी, खाली रबरी पाय. मागच्या बाजूला हवा खेळायला चार भोकं, नाहीतर जुलैत आतल्या प्रत्येक वस्तूवर बुरशी.

तयार घ्यायचं असेल तर पावडर कोटिंग केलेलं लोखंड किंवा अॅल्युमिनियम. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी अॅल्युमिनियमच घ्यावं, खारी हवा लोखंडाला सोडत नाही. खऱ्या वेताच्या खुर्च्या मला फार आवडतात, पण त्या पूर्वेच्या, झड न येणाऱ्या बाल्कनीतच ठेवाव्यात. पश्चिमेला प्लॅस्टिकच्या विणीच्या बऱ्या.

मुलांच्या घरासाठी पुन्हा एकदा सांगतो. कठडा साडेतीन फुटांचा आहे, त्याला लागून दीड फुटांचा बाक ठेवला, की बाकावर उभ्या असलेल्या मुलासाठी कठडा फक्त दोन फुटांचा उरतो. टोकाच्या आडव्या बाकाची एक बाजूही कठड्यापर्यंत जातेच. म्हणून ग्रिल बसेपर्यंत हा बाक करू नका. टोकाला भिंत नसून कठडाच असेल, तर तिथे बैठक नकोच. मग मधल्या भिंतीलगत चौदा-पंधरा इंच खोलीचा लांब, अरुंद बाक करा आणि त्यावर तिरपं, पाय लांबीकडे करून बसायची सवय ठेवा.

झोपाळ्याबद्दल सगळे विचारतात. लाकडी बंगई हॉलसारखी भिंतीला समांतर टांगली तर ती रुंदीच्या दिशेने झुलणार, म्हणजे चार फुटांत एकदा भिंतीवर आणि एकदा कठड्यावर. तीच एका माणसाच्या मापाची करून टोकाला, पाठ आखूड भिंतीकडे करून टांगा. मग ती लांबीच्या दिशेने झुलते आणि झोक्याला पुरेशी जागा मिळते. तरी मागच्या भिंतीपासून दोन फूट सोडावे लागतात. बाक आणि झोपाळा दोन्ही मात्र मावणार नाहीत, एकच निवडा.

८. कपडे वाळवण्याची सोय मान्य करा

सजावटीच्या फोटोंत कपडे नसतात. आपल्या घरात रोज असतात, आणि पावसाळ्यात तर दोन-दोन दिवस असतात. म्हणून त्यांची सोय आधी, शोभा नंतर.

फरशीवरचा उघडमिट स्टँड अरुंद बाल्कनीचा शत्रू आहे. छताला टांगायच्या, दोरीने वर-खाली करायच्या सुट्या दांड्या घ्या. प्रत्येक दांडी वेगळी खाली येते, त्यामुळे घरातल्या आजीलाही स्टूलवर चढावं लागत नाही. दांड्या लांबीच्या दिशेने, कामाच्या टोकाच्या वर. चार फुटांपेक्षा लांब दांड्या घेतल्या तर त्या मधल्या भागात घुसतात आणि ओल्या शर्टाचे हात डोक्याला लागतात. चादरी आणि साड्यांसाठी वेगळी, गुंडाळली जाणारी दोरी मधल्या भागातून ओढा. वाळल्या की दोरी आत.

या टोकाला हॉलमधून दिसणारी बाजू झाकायला एक हलका बांबूचा पडदा पुरतो. एसीच्या युनिटसमोर मात्र काहीही ठेवू नका, पडदासुद्धा. गरम हवा बाहेर जायला समोर दोन फूट मोकळे हवेत, नाहीतर वीजबिल वाढतं आणि समोरची झाडं होरपळतात. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी मात्र बादलीत धरा, झाडांना चालतं.

९. ऊन-पावसाचे पडदे

पश्चिमेला बांबूचे चिक फार उपयोगी. पुण्यात बुरूड आळीत हव्या त्या मापाचे विणून मिळतात. एकच मोठा पडदा करण्यापेक्षा चार-चार फुटांचे तीन-चार घ्या, म्हणजे ऊन असेल तेवढाच भाग खाली सोडता येतो. वरच्या मजल्यांवर वारा फार असतो, म्हणून पडद्याच्या खालच्या काठीला दोन्ही बाजूंनी दोरी बांधून कठड्याला अडकवण्याची सोय ठेवा. वळवाच्या पावसात सुटा पडदा भिंतीवर आपटून आपटून फाटतो. पावसाळ्यात चिक काढून, वाळवून, कोरड्या जागी ठेवा आणि त्याच कड्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा लावा. नवरात्रात पुन्हा अदलाबदल.

१०. झाडं

झाडांवर वेगळं, मोठं लिहिता येईल. इथे फक्त जागेपुरतं.

उंची वापरा. भिंतीवर दहा इंच खोलीचं, तीन-चार कप्प्यांचं लोखंडी मांडणं लावलं तर पंधरा लहान कुंड्या एक फुटात बसतात. कठड्याच्या आतल्या बाजूने अडकवायच्या लांबट कुंड्या चालतात, पण आतल्याच बाजूने, आणि मूल नसलेल्या किंवा ग्रिल असलेल्या घरात. कठड्यावर मोकळी कुंडी कधीही ठेवू नका. आठव्या मजल्यावरून खाली पडणारी चार किलोंची कुंडी कुणाचा जीव घेऊ शकते, यात सवलत नाही.

पश्चिमेच्या उन्हाला बोगनवेल, अडेनियम, सदाफुली आणि कोरफड तोंड देतात. पूर्वेला तुळस, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता. उत्तरेला नेचे, मनीप्लांट, स्नेक प्लांट, स्पायडर प्लांट. गवती चहा आणि पानांचा ओवा बहुतेक कुठेही तग धरतात आणि रोज कामाला येतात, म्हणून नवख्यांनी सुरुवात त्यांच्यापासून करावी. आधी पाच-सहाच झाडं घ्या. ती पावसाळा काढतात का पाहा, मग वाढवा.

वजन कमी ठेवायला माती, कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात मिसळा. प्रत्येक कुंडीखाली ताटली हवी, नाहीतर तुमचं मातकट पाणी खालच्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर. पण ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून, घासून कोरडं करा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. जून ते सप्टेंबर झडीत येणाऱ्या कुंड्यांखालच्या ताटल्या काढूनच ठेवा.

तुळशीला जागा सकाळचं ऊन मिळेल तिथे, आणि दिवा लावताना पडद्यापासून हातभर लांब. गुढीची काठी बांधायला कठड्याचा कुठला उभा गज मजबूत आहे तेही आत्ताच बघून ठेवा, आणि त्याच्यासमोर कुंडी येऊ देऊ नका. पाडव्याच्या सकाळी घाईत कुंड्या सरकवाव्या लागत नाहीत.

११. दिवे

बाल्कनीच्या मधोमध छतावर एकच पांढरा दिवा असतो. तो लावला की बैठकीचं सगळं मार्दव जातं. बैठकीच्या टोकाला, डोक्याच्या उंचीवर, पिवळसर उजेडाचा एक दिवा लावा; खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेलं असतं. उघड्या जागेसाठी आयपी ६५ दर्जाचा, म्हणजे धूळ आणि पाणी आत न जाणारा. नवा प्लग बसवणार असाल तर भिंतीकडे, झाकणाचा, आणि घराच्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना ते वायरमनकडून तपासून घ्या. सौर दिव्यांच्या माळा ऑक्टोबर ते मे छान चालतात. पावसाळ्यात ढगांमुळे त्या नीट भरत नाहीत, त्यांच्यावर विसंबू नका.

१२. भाड्याचं घर असेल तर

भोकं पाडायची नाहीत म्हणून सगळं सोडून द्यायचं कारण नाही. बाक सुटा घ्या. मांडणं शिडीसारखं, भिंतीला टेकवून उभं राहणारं घ्या आणि वरून खिडकीच्या गजाला सुतळीने बांधा. पडद्यासाठी दोन भिंतींमध्ये ताणून बसणारा रॉड मिळतो, पण तो आखूड टोकालाच टिकतो. पंधरा फुटांवर नाही. कबुतरांच्या जाळीचा खर्च घरमालकाकडे मागा, बरेच जण देतात, कारण ती त्यांच्याच घराची राखण आहे.

१३. पैसे कुठे आधी घालायचे

क्रम असा: मुलांचं ग्रिल किंवा कबुतरांची जाळी, मग उतार आणि गळती, मग कपड्यांच्या दांड्या, मग ऊन-पावसाचे पडदे, मग बाक, मग दिवा. झाडं हळूहळू, शेजाऱ्यांकडून फांद्या आणून. उशा, चटया, टांगती शोभा सगळ्यात शेवटी. उशांना शिवलेले अभ्रे नकोत, चेनचे हवेत, म्हणजे काढून धुता येतात. आणि रात्री उशा आत घ्यायच्या.

कामाला सुरुवात दिवाळीनंतर करा. हवा कोरडी असते, रंग नीट बसतो, सुतारही भेटतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक फेरी मारा: नाहणीतला पालापाचोळा काढा, लोखंडाच्या ओरखड्यांवर रंगाचा हात फिरवा, हुक आणि दोऱ्या ओढून पाहा, चिक उतरवा, टांगत्या कुंड्या वाऱ्याच्या बाजूने काढून भिंतीशी खाली ठेवा. वरच्या मजल्यांवर राहत असाल तर मिटलेल्या खुर्च्याही एकत्र बांधून ठेवा; जूनच्या पहिल्या वादळात हलकी खुर्ची कठडा ओलांडू शकते.

भिंतीच्या रंगाचं राहिलं. बाहेरून दिसणारी बाजू सोसायटीच्या रंगातच ठेवावी लागते, पण दाराकडची आतली भिंत तुमची. तिला फिका रंग द्या, आणि बैठकीमागच्या आखूड भिंतीला थोडा गडद: गेरू, विटकरी, गडद हिरवा, जो आवडेल तो. गडद टोक जवळ आल्यासारखं दिसतं आणि बाल्कनी आखूड, म्हणजेच रुंद वाटते. बाहेरच्या भिंतींचाच रंग घ्या, आतला डिस्टेंपर एका पावसात पोपडे धरतो.